भावोजींच्या मापाची

बोलतेय मी. इकडं तिकडं काय बघताय, खाली बघा, जिन्याखाली. छत्र्यांच्या मागं. हां, तीच मी. सायकल. साधीसुधी नाही हो, डोंगर चढणारी, जाड टायरची, गिअरवाली. अंगावर कंपनीचं लांबलचक नाव होतं, त्यातली निम्मी अक्षरं झडली. उरलेल्यांचा काही अर्थ लागत नाही म्हणतात. मला कुठं वाचता येतंय, मला काय त्याचं!

पण बोलता येतं. आणि आज बोलणारच आहे. कारण परवाच्या रविवारी या घरात माझ्यावरून जे काही नाटक झालं, ते बघून माझ्या टायरातली हवा तापली आहे. न्यायची का ठेवायची, ठेवायची का न्यायची. मी काय कपाट आहे का?

तर पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्ही मधेच प्रश्न विचारणार नाही.

जन्म कारखान्यातला. तिथं लाड नाहीत. एका बाजूनं नळ्या आत जातात, दुसऱ्या बाजूनं आम्ही बाहेर पडतो. मग चाकं काढली, हँडल वाकडं केलं आणि मला खोक्यात कोंबलं. दुकानात एका माणसानं मला जोडलं. डावं पेडल उजवीकडं बसवायला बघत होता. बसेना. तर शिव्या कुणाला? मला! चूक त्याची आणि शिव्या मला. माणसांची माझी पहिली ओळख ती अशी.

मला या घरात आणलं धाकट्यानं. घरात दोन भाऊ. थोरला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला, भांग पाडलेला, शर्ट खोचलेला. धाकटा कॉलेजात, त्याच्या केसांना कंगवा माहीत नाही. त्यानं मला दारात उभं केलं, शेजारी स्वतः उभा राहिला, सीट कमरेइतकी वर ओढली आणि खटका दाबला. सीटच्या खाली दांड्याला खटका असतो आमच्यात. ओढला की सीट सैल, दाबला की घट्ट. पाना लागत नाही, मिस्त्री लागत नाही. कुणालाही जमेल असं काम.

शहराच्या मागं डोंगर आहे. तो आमचा होता. दगड, खड्डे, काटे, कशाला म्हणून भ्यायचो नाही. धाकटा बेसूर गायचा आणि मी चेनीनं ताल धरायची. पडायचोही. आपटलो की तो आधी मला उचलायचा, चाक फिरवून बघायचा, हँडल सरळ करायचा, मग स्वतःच्या गुडघ्याकडं बघायचा. घरी आई ओरडायची, "अरे मेल्या, रक्त पूस आधी! तिला काय पुसतोयस?" मी आतून अशी फुगायची की विचारू नका.

मग त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली. औषधांच्या कंपनीत. मला जिन्याखाली लावलं, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "महिन्याभरात येतो, तुला घेऊन जातो." आईला सांगताना त्याचे डोळे भरले नव्हते, मला सांगताना भरले. म्हटलं, येईल.

आला नाही. म्हणजे घरी यायचा, सुट्टीला यायचा, जेवायचा, झोपायचा. जाताना जिन्यात थांबून म्हणायचा, "काय म्हातारे!" आणि निघायचा. म्हातारे! तेव्हा माझा रंगसुद्धा उडाला नव्हता नीट.

तेवढ्यात घरच्यांनी मला कामाला लावलं. हँडलला ओल्या छत्र्या. दांड्यावर पायपुसणी. टायर बसले, तर कुणी हवा भरेना, उलट म्हणाले, बरं झालं, आता घसरत नाही. आणि थोरल्याचे मोजे! माझ्या ब्रेकवर वाळत घालायचा हो. डोंगर चढलेली बाई मी, आणि माझ्या नाकासमोर मोजे! मीही सोडलं नाही म्हणा. कचेरीला निघाला की हळूच त्याच्या पँटीला चेनीचं काळं पुसायची. गुडघ्याच्या मागं, जिथं आपलं आपल्याला दिसत नाही. दिवसभर मिरवायचा.

ते काळं धुवायची थोरल्याची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, मीही म्हणते. तिचं काम सांगते. तुम्ही दुकानात तयार पँट घेता. ती लांब होते. दुकानदार म्हणतो, संध्याकाळी या, कमी करून ठेवतो. तो काय कमी करणार, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही! बाजारातल्या कपड्यांच्या दुकानांतून अशा पँटी गोळा करायच्या, खडूची खूण बघून घरी मशीनवर शिवायच्या आणि दुकान बंद व्हायच्या आत नेऊन द्यायच्या, हे वहिनीचं काम. हात असा बसलाय की तुमच्या पायाकडं नुसतं बघून माप सांगेल.

बाजार लांब. आधी बस होती. एक दिवस बसवाल्यांनी ठरवलं, या रस्त्याला बस नको. झालं. रिक्षा करायची तर सगळी कमाई रिक्षालाच. वहिनी संध्याकाळी जिन्यात उभी राहिली, माझ्याकडं बघत बसली. मग वर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, भावोजींना विचारा ना, त्यांची सायकल वापरली तर चालेल का?"

"विचारतो," थोरला म्हणाला.

दोन दिवसांनी, "विचारलंत का?"

"हो हो, चालेल म्हणाला."

खोटं! विचारलंच नाही. फोन जिन्यात येऊन करतो तो, वर आवाज नीट येत नाही म्हणून. मी ऐकते सगळं. विसरला आणि विसरलो म्हणायची लाज वाटली, म्हणून चालेल. या एका 'चालेल'नं पुढं काय रामायण केलं ते ऐका.

वहिनी चाळिशी ओलांडलेली. लहानपणी कधीतरी मामाच्या घरी चालवली होती म्हणे. पहिले काही दिवस गल्लीत असा तमाशा झाला की समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक आत घेऊन दार लावून घेतलं. पण शिकली. स्वतः शिवलेला ढगळ पायजमा, त्याच्या पायाला कपड्याचा चिमटा, म्हणजे चेनीत जायला नको, आणि हँडलला पँटींचं गाठोडं. मीही तिला त्रास दिला नाही फारसा. एकदोनदा चेन पाडली, ती गंमत म्हणून.

पण सीट! सीट धाकट्याच्या कमरेइतकी. वहिनी धाकट्याच्या खांद्यालाही लागत नाही. दाराच्या पायरीवर चढायची, तिथून माझ्यावर टांग टाकायची, बूड सीटवर नीट टेकलं तर पेडल फक्त अंगठ्याला लागणार. आणि थांबायचं कसं? पाय जमिनीला पोचतच नाही. म्हणून ती खांब धरायची. विजेचा खांब, पाटीचा खांब, कुणाचं फाटक, एकदा तर एक उभा राहिलेला पोलीस. वाटेतले सगळे खांब तिला पाठ. ज्या रस्त्याला खांब नाही, त्या रस्त्यानं वहिनी जातच नाही. जवळची वाट सोडून लांबच्या वाटेनं जायची, का, तर तिकडं खांब आहेत!

अगं बाई, खटका ओढ! मी किती कुरकुर केली. सीटपाशी मुद्दाम करकर आवाज काढला, म्हटलं बघेल. तर तिनं तेल घातलं.

पंक्चर काढणारा एकदा म्हणालाही, "वहिनी, सीट खाली घेऊन देतो."

तर ही त्याच्या हातावर चापट मारते! "नको हो! भावोजींच्या मापाची आहे. ते आले की त्यांना परत लावायला नको."

ऐकलंत? जगाच्या पँटी मापात आणणारी बाई, आणि हिला एक सीट मापात करायची भीड! त्यात आणखी एक. धाकटा यायचा म्हटलं की ही मला धुवायची, गाठोड्याची दोरी सोडायची, पुसून जिन्याखाली जशीच्या तशी उभी करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्याची वस्तू आहे, आली तशी दिसायला हवी." तिला वाटायचं भावोजींना माहीत आहे. भावोजींना वाटायचं सायकल धूळ खात पडली आहे. आणि ज्याला दोन्ही माहीत, तो मोजे वाळत घालत होता.

वर्षं गेली अशी. मग मागच्या आठवड्यात चौकात रस्ता रुंद केला आणि तिथला खांब काढला. वहिनीला काय माहीत! सवयीनं हात बाजूला टाकला, खांब नाही. पडलो दोघी, पँटींसकट. तिचं कोपर सोललं, माझा आरसा गेला. घरी आल्यावर थोरल्यानं कोपर बघितलं. घाबरला तो, खरंच घाबरला, नाही म्हणणार नाही मी. पण घाबरलेला माणूस बायकोशी बोलेल की नाही? हा जिन्यात आला आणि भावाला फोन केला. "अरे, तुझी सायकल ने बाबा. जिन्यात फार अडचण होते."

अडचण! माझी! मी जिन्यात किती असते? सकाळी जाते, दुपारी येते, परत जाते.

वर जाऊन बायकोला काय सांगितलं, तर, "धाकटा येतोय रविवारी. सायकल नेणार म्हणतो."

वहिनी मशीनवर होती. तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "नेऊ द्या की. त्यांचीच आहे." आणि मशीन सुरू झालं. नंतर समजलं, त्या पँटीचा एक पाय तिनं खालून शिवून बंदच करून टाकला होता. पिशवी झाली त्याची. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बाजार सुटणार, दुकानं सुटणार, काम सुटणार. तिला माहीत, मला माहीत. पण बोलायचं नाही! बोललं तर तोंड झिजतं ना यांचं.

रविवारी धाकटा आला. मोठी गाडी, गाडीच्या टपावर सायकल बांधायचा सांगाडा, नवा कोरा. उतरला तेव्हा आधी पोट उतरलं, मग तो. डोक्यावर चमकदार मैदान झालेलं. मला म्हातारी म्हणत होता! मला जिन्यातून बाहेर काढलं, उन्हात उभं केलं, शेजारी उभा राहिला. सीट कमरेला.

"दादा, बघ, बघ! सीटसुद्धा तशीच आहे! कुणी हात लावला नाही रे इतक्या वर्षांत!"

हात लावला नाही! माझे टायर नवे, ब्रेकचे रबर नवे, पेडलं घासून गुळगुळीत झालीत, हँडलला दोरीचा वण पडलाय, आणि हा म्हणतो हात लावला नाही. वहिनी दारात उभी होती कोपराला पट्टी बांधून. तिनं नुसतं हसून म्हटलं, "बसून तर बघा, भावोजी."

तो बसला आणि आम्ही डोंगराकडं निघालो. आता खरं सांगते, कुणाला सांगू नका. त्याच्या हातांची पकड ओळखली मी. इतक्या वर्षांचा राग धरून बसलेली मी, पहिल्या वळणापर्यंत सगळं विसरले. ताल धरला हो मी चेनीनं! लाज नाही मला.

पण चढ लागला आणि गाणं राहिलं बाजूला, नुसती धाप. थोडं पुढं गेल्यावर मीच चेन पाडली. म्हटलं, याचं काही बरंवाईट व्हायला नको. तो दगडावर बसला, घाम पुसला आणि माझ्याशी बोलायला लागला, पूर्वीसारखा.

"म्हातारे, तिकडं माझं असं काहीच नाही बघ. घर कंपनीचं, गाडी कंपनीची. मित्र म्हणशील तर तेही कंपनीचेच, नोकरी सुटली की सुटले. तू एकटी माझी आहेस. तुला नेतो. दर रविवारी डोंगर."

बघा हा माणूस! मला मोज्यांत सोडून गेला आणि आता म्हणतो तू एकटी माझी. जिनं माझ्यापायी कोपर सोलून घेतलं, तिची मी कुणीच नाही का? इतकी चिडले मी. आणि चिडले कशावर सांगू का? ऐकून बरं वाटलं, त्यावर.

घरी परतलो. चहा झाला. थोरला दोऱ्या घेऊन खाली आला. धाकटा मला टपावर चढवणार तेवढ्यात वहिनी गाठोडं घेऊन जिना उतरली.

"भावोजी, बांधायच्या आधी एक फेरी मारून येऊ का? दुकानात पँटी द्यायच्या राहिल्यात. गिऱ्हाईक यायचंय न्यायला."

"फेरी? तुम्ही? कशावर, यावर?" धाकटा हसला. "या की, या!"

वहिनीनं पायजम्याला चिमटा लावला. मला पायरीशी घेतलं. पायरीवर चढली. गाठोडं हँडलला अडकवलं, टांग टाकली, सीटवर कशीबशी टेकली, अंगठ्यानं पेडल शोधलं आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी दुधाची गाडी आडवी आली. वहिनीनं सवयीनं उजवीकडचा खांब मिठी मारून धरला आणि आम्ही दोघी तिथं तिरक्या लटकलो, दुधाची गाडी जाईपर्यंत.

मागं धाकट्याचं हसू मोठ्यानं ऐकू आलं. मग हसू बंद झालं. मग तो धावत आला. पोट सांभाळत धावत आला.

"वहिनी! अहो काय करताय हे? सीट खाली का नाही घेतली?"

"तुमच्या मापाची आहे ना ती," वहिनी खांबाला धरून म्हणाली.

"पण तुम्ही रोज...? कधीपासून चालवताय?"

"म्हणजे? बस बंद झाली तेव्हापासून. तुम्हीच चालेल म्हणालात ना?"

"मी? मला कुणी विचारलंच नाही!"

दोघांनी वळून बघितलं. थोरला दोऱ्या हातात घेऊन पायरीवर उभा. चेहरा असा, जशी सगळी पाणीपुरवठ्याची नळयोजना त्याच्या अंगावर फुटली आहे.

"मला वाटलं, तू नाही थोडाच म्हणणार होतास," तो म्हणाला.

"मग अडचण होते म्हणून फोन कशाला केलास?"

"ती पडली रे! मला वाटलं, सायकल गेली की पडायची तरी नाही. तिच्या मापाची नाहीच ती."

"आणि मी बाजारात काय उडत जाऊ?" वहिनीचा आवाज एकदम चढला. समोरचा न्हावी कात्री थांबवून बाहेर आला. "मला विचारलंत? मला वाटलं भावोजींना हवी आहे!"

"मला वाटलं तुम्हाला नकोय!" धाकटा ओरडला.

वाटलं, वाटलं, वाटलं! सगळं घर वाटण्यावर चालतं यांचं. मला ते ऐकून इतका संताप आला की घंटी आपोआप वाजली. वहिनी म्हणते तिचं कोपर घंटीला लागलं. लागू दे.

धाकट्यानं मग वहिनीला हात देऊन खाली उतरवलं आणि खटका ओढला. निघेना. इतकी वर्षं बसलेला तो, गंजून घट्ट. वहिनीनं पिशवीतून मशीनच्या तेलाची कुपी काढली, थेंब थेंब सोडलं. न्हाव्यानं लाकडी ठोकळा दिला. दोन्ही भावांनी मिळून ठोकलं. ठोका म्हणजे काय सोपा होता? पण ओरडले नाही मी. करकरत, किंचाळत सीट खाली आली.

वहिनी बसली. तिचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. तिनं खाली बघितलं, पायांकडं, जसे काही दुसऱ्याचेच पाय आहेत.

आणि चालवायला निघाली तर पडायला आली की! गुडघे वर यायला लागले, हँडल इकडं तिकडं. उंचावर बसायची सवय झालेली. "असू द्या, भावोजी, वरच करा परत," म्हणते! मी कपाळाला हात लावला असता, पण कपाळ नाही.

"अजिबात नाही," धाकटा म्हणाला आणि मागून सीट धरून गल्लीभर तिच्यामागं पळाला. पोरीला शिकवतात तसा. थोरलाही पळाला, दोऱ्या हातातच.

संध्याकाळी धाकटा गेला. टपावरचा सांगाडा रिकामा. जायच्या आधी माझ्यापाशी थांबला, पण बोलला माझ्याशी नाही, वहिनीशी बोलला. "वहिनी, मी सुट्टीला आलो की हिला डोंगरावर नेलं तर चालेल?"

"चालेल की. रविवारी न्या. दुकानं दुपारपर्यंत बंद असतात," वहिनी म्हणाली. "पण येताना चेन पुसून आणायची. आणि सीट परत माझ्या मापाला लावायची."

माझ्या मापाला! कान तृप्त झाले. पण मला विचारायचं कुणाच्या मनात आलं का? नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तिथं स्टँडवर उभी. एका पायावर! त्याला जाताना बघून मला काय वाटलं, ते मी सांगणार नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

म्हणून वाचणाऱ्यांनो, तुमची एखादी वस्तू कुणाच्या घरी राहिली असेल, आणि ती परत आणावी असं मनात आलं, तर तडक धावत सुटू नका. आधी फोन करा. आणि फोन घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला द्यायला सांगा. आणि ज्यांच्याकडं दुसऱ्याची वस्तू आहे, त्यांनी ती वापरायची असेल तर नीट वापरा, हातभर लांब धरून नको. वस्तूला वाईट वाटतं.

आता माझं म्हणाल तर सध्या बरं आहे. सोमवारी आम्ही जवळच्या रस्त्यानं गेलो, जिथं एकही खांब नाही तिथून. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. वहिनीनं ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि उभी राहिली, भर रस्त्याच्या मधोमध, कशालाही न धरता. हिरवा झाला, तरी उभीच.

मागं ट्रकवाला. पों पों पों! "ओ बाई, निघा की!"

"निघते!" वहिनी मागं न बघता ओरडली. "जरा उभी राहू द्या हो!"

मेल्यानं परत हॉर्न वाजवला. मी घंटी वाजवली, जोरात. या वेळी कोपर लागलेलं नव्हतं.